जुन्या झेनचा स्लो वर-खाली होतोय. ईसीयू बदलण्याआधी काय तपासू?

जाईजुई

नमस्कार मंडळी.

बाबांनी २००२ मध्ये घेतलेली झेन आता मी चालवते. पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, इंजेक्शन), ९९३ सीसी, रनिंग १,१८,००० किमी. २०१७ आणि २०२२ असं दोनदा री-पासिंग झालं, दोन्ही वेळा काही अडलं नाही. वारजे ते कॅम्प रोजचं जाणं-येणं हिच्यावरच.

दिवाळीपासून दुखणं सुरू झालंय. सकाळी थंड असताना एका सेल्फमध्ये सुरू होते, स्लो (पाय न देता इंजिन फिरतं तो वेग) स्थिर असतो. पाच-सात मिनिटांनी इंजिन तापलं की सिग्नलला उभी असताना आपोआप रेस वाढते, पडते, परत वाढते. दर दोन सेकंदांनी, दम लागलेल्या माणसाच्या श्वासासारखी. बंद मात्र पडत नाही. चालताना ओढ चांगली आहे. आणि एक विचित्र गोष्ट म्हणजे एसी लावला की हे सगळं थांबतं.

आतापर्यंत प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) साफ केली, स्लोचा व्हॉल्व्ह (आयएसी) नवा घातला. अकरा हजार गेले आणि गाडी होती तिथेच आहे. आता गॅरेजवाले म्हणतात ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, जुन्या बाजारातून मागवू. बाबा म्हणतात, "विकून टाक, किती दिवस पुरवणार." याच गाडीवर मी क्लच सोडायला शिकले. विकायची नाहीये. ईसीयूवर पैसे घालण्याआधी घरच्या घरी काय बघता येईल?

रानमेवा

पेट्रोल बघा आधी. हल्ली सगळीकडे वीस टक्के इथेनॉलवालं मिळतं. आमच्या रत्नागिरीत दोन जुन्या गाड्यांचे रबरी पाइप फुगले.

मुंजा

ईसीयू गेला असता तर एसी लावल्यावर थांबलं असतं का? मला तरी पटत नाही.

घाटवाट

मुंजा, बरोबर पकडलंत. जाईजुई, तुमच्या पोस्टमध्ये सगळ्यात कामाचं वाक्य एसीचंच आहे. जरा लांब लिहितो.

इंजेक्शनच्या गाडीत तुम्ही उतारावर गिअरमध्ये असताना पाय काढलात की ईसीयू पेट्रोल पूर्ण बंद करतो. त्याला दोनच गोष्टी दिसतात: थ्रॉटल मिटलाय आणि इंजिन एका ठरावीक वेगाच्या वर फिरतंय. एवढ्यावरून तो ठरवतो की गाडी उतारावर आहे, पेट्रोल नको. वेग खाली आला की पुन्हा सुरू करतो.

आता समजा गाडी उभी आहे, थ्रॉटल मिटलाय, पण कुठूनतरी जादा हवा आत शिरतेय. त्या हवेच्या जोरावर इंजिन चढतं. ईसीयूला वाटतं उतार आला, तो पेट्रोल तोडतो. इंजिन पडतं, पेट्रोल सुरू होतं, हवा आहेच, परत चढतं. तुमचा श्वास तो हाच.

एसी लावला की कॉम्प्रेसरचा भार पडतो, इंजिन त्या मर्यादेपर्यंत चढतच नाही, म्हणून थांबतं. थंड असताना ही मर्यादा मुळातच वर ठेवलेली असते, म्हणून सकाळी त्रास नाही. तुमची तिन्ही लक्षणं एकाच ठिकाणी बोट दाखवतात. गाडी थ्रॉटलच्या मागून हवा घेतेय. ईसीयू त्याचं काम चोख करतोय.

जाईजुई

घाटवाट, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून होते. तीन गॅरेजांत मी एसीचं सांगितलं होतं, प्रत्येकाने "असं होतं कधीकधी" म्हणून सोडून दिलं.

दूरदेशी

मिशिगनहून. अनुभव माझ्या जुन्या कोरोलावरचा. हवा घेत असेल तर मिश्रण पातळ होतं, कारण ती हवा मोजली गेलेली नसते. १४.७ ला १ हे प्रमाण बिघडतं आणि इंजिन मिसिंग करतं, थरथरतं. तुमच्या वर्णनात थरथर नाही, त्यामुळे मला हवा गळतीची शंका कमी वाटते. इंजेक्टर साफ करून बघा.

घाटवाट

दूरदेशी, तुमच्या गाडीत एअर फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा सेन्सर असणार. त्याच्यामागून शिरलेली हवा त्याला दिसत नाही, म्हणून मिश्रण पातळ. झेनमध्ये तसा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. चोरवाटेने आलेल्या हवेनेही दाब वाढतोच. सेन्सरला तो दिसतो आणि ईसीयू त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो. मिश्रण ठीक राहतं, फक्त इंजिन जोरात फिरतं. हवा गळती तीच, पण एका गाडीत थरथर आणि दुसरीत चढउतार.

पडताळायचं असेल तर सोपं आहे. जाईजुई, शेवटची पीयूसीची पावती आहे का? त्यावरचे सीओ आणि एचसी आकडे टाका.

दूरदेशी

मॅप सेन्सर आहे हे लक्षात घेतलं नव्हतं. इंजेक्टरचं म्हणणं मागे घेतो.

जाईजुई

पावती सापडली, तीन आठवड्यांपूर्वीची, म्हणजे त्रास चालू असतानाची. सीओ ०.२१ टक्के, एचसी १४८. यातून काय कळतं? मला फक्त "पास" एवढंच वाचता येतं.

पाना_दहा_बारा

ताई, मी कोल्हापूर उद्यमनगरात एकतीस वर्षं फिटरकी केली. आता हात थरथरतात म्हणून पोरगा बघतो. पीयूसीची पावती म्हणजे गाडीचा रक्ताचा रिपोर्ट, पण लोक काचेला चिकटवतात आणि विसरतात.

सीओ म्हणजे अर्धवट जळालेलं पेट्रोल. तो वाढला तर गाडी पेट्रोल जास्त पिते. एचसी म्हणजे न जळता बाहेर पडलेलं पेट्रोल. सीओ कमी आणि एचसी खूप वर असेल तर एखादा सिलिंडर मिसिंग करतोय, प्लग-वायर बघा, नाहीतर मिश्रण फार पातळ आहे. दोन्ही वर असतील तर कार्बोरेटर किंवा इंजेक्टर बघा. तुमच्या वर्षाच्या गाडीला मर्यादा सीओ ०.५ आणि एचसी ७५०. तुम्ही दोन्हींत खूप खाली आहात. म्हणजे आग स्वच्छ लागतेय, प्लग, कॉइल, इंजेक्टर, सगळं तंदुरुस्त. घाटवाट म्हणतात तेच बरोबर, मिश्रण चांगलं आहे पण नको तेवढं आत जातंय.

तुमचे नवीन प्लग वाया गेले असं धरू नका, ते पुढे चालतील. पण या आजारावर ते औषध नव्हतं.

तिसरा_गिअर

पानाकाका, तुम्ही आधी का नाही भेटलात! माझ्या ओम्नीचे आठ हजार वाचले असते.

सुपारी_बाग

एक शंका. ब्लूटूथवालं ओबीडी यंत्र (ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं) सात-आठशेत मिळतं, ते लावून कोड का वाचत नाही?

घाटवाट

२००२ च्या गाडीला ते बहुधा बोलणार नाही. आपल्याकडे ओबीडीचा नियम एप्रिल २०१० पासून आला आणि ओबीडी-दोन एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाड्यांत दोन पिना जोडून इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. शिवाय रबराला तडा गेला याचा कोड कुठलाच ईसीयू देत नाही.

रानमेवा

मग गळती शोधायला उदबत्ती लावा. बॉनेट उघडून प्रत्येक पाइपाजवळ धरायची, जिथे धूर आत ओढला जाईल तिथे भोक. माझ्या मामांनी अशीच पकडली होती.

पाना_दहा_बारा

रानमेवा, मामांना नमस्कार, पण हे कोणी करू नका. पेट्रोलचा पाइप, रेल आणि पेटती उदबत्ती एका वीतभर जागेत नको. माझ्या डोळ्यांदेखत एका पोराच्या भुवया गेल्यात. कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारून शोधतात तेही मला गरम इंजिनवर पसंत नाही, तो भडकतो.

पाणी वापरा. केस विंचरताना मारतो तसली फवाऱ्याची बाटली घ्या. इंजिन चालू, गरम, स्लो वर-खाली होत असताना एकेका पाइपावर, जोडावर, मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर बारीक फवारा. डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि वायरींवर मारू नका. जिथे आवाज बदलेल तिथे हवा. ओढणी, मोकळे केस, बांगड्या आवरून घ्या, पंखा कधीही सुरू होतो.

त्याआधी एक आणखी सोपं: पकडीला कापड गुंडाळून प्रत्येक व्हॅक्यूम पाइप एकेक करून दाबा. ब्रेक बूस्टरचा, पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातली वाफ परत आत नेणारा), आणि बाकीचे बारीक; मॅप सेन्सरचा मात्र सोडा. ज्याला दाबल्यावर स्लो शांत होईल तो चोर.

काळीपिवळी

पानाकाकांचं वाचून आमच्या काकांची आठवण झाली. त्यांची पद्मिनी टॅक्सी होती, भायखळ्याला. पद्मिनीचा स्लो बिघडला की काका पहिल्यांदा कार्बोरेटरचे खालचे दोन नट बघायचे. लोक आवळून आवळून त्याचं बूड वाकडं करतात, मग पॅकिंग बसत नाही आणि हवा घेते. काका काचेच्या तुकड्यावर पॉलिश पेपर ठेवून ते बूड घासून सपाट करायचे. सबंध रविवार दुपार त्यात जायची आणि आम्ही पोरं शेजारी बसून नट सांभाळायचो.

शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही उरली नाही. काका त्याआधीच गेले. त्या दिवशी मी त्यांच्या वाटणीचं वाईट वाटून घेतलं.

मुंजा

काळीपिवळी, यावर वेगळा धागा काढा. मनापासून सांगतो. पद्मिनीच्या हातगिअरवर लिहायला इथे दहा जण तरी येतील.

जाईजुई

शनिवारी दोन तास घालवले. पकडीने सगळे पाइप दाबले. ब्रेक बूस्टरच्या पाइपाने काही फरक नाही. पीसीव्हीचा मधोमध दाबला, काही फरक नाही. बारीक नळ्या दाबून पाहिल्या, काही नाही. आता माझा धीर सुटायला लागलाय. खरंच ईसीयू नसेल ना?

तिसरा_गिअर

मला वाटतं थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल. इंजिन पूर्ण तापत नाही आणि ईसीयू थंड समजून स्लो वर ठेवतो. माझ्या ओम्नीच्या शेजारच्या गाडीत हेच निघालं.

घाटवाट

तसं असतं तर स्लो सतत वर राहिला असता, आणि सकाळपासूनच. इथे उलट आहे. पण पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तपासणं फुकट आहे म्हणून सांगतो: मल्टिमीटरने रोध मोजा, थंड असताना साधारण दोन ते अडीच हजार ओहम, पूर्ण गरम झाल्यावर तीनशेच्या आसपास. तसा येत असेल तर तो विषय संपला.

आणि जाईजुई, तुमच्या गाडीत आरपीएमचा काटा नसेल तर फोनमध्ये आवाजाची वारंवारता दाखवणारं फुकट अ‍ॅप मिळतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात. म्हणजे ९०० आरपीएमला सेकंदाला १५ फेरे, ३० स्फोट, अ‍ॅपवर ३० हर्ट्झचा खांब दिसेल. त्याला ३० ने गुणलं की आरपीएम. सायलेन्सरपाशी धरा.

जाईजुई

हे तर भारीच निघालं. खांब ४० ते ६२ मध्ये नाचतोय. म्हणजे १२०० ते १८६०. तापमानाचा सेन्सरही मोजला, थंडीत २,३०० आणि गरम ३१०.

सुपारी_बाग

कोणी व्हॅक्यूम गेज लावून का बघत नाही? सगळ्यात खात्रीचं तेच.

पाना_दहा_बारा

गेज उत्तम, पण स्लो असा नाचत असताना काटाही नाचणार, त्यातून वाचायचं काय? स्लो स्थिर असलेल्या गाडीला लावा. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन पाऱ्याचे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवतं, आणि दर हजार फुटाला साधारण एक इंच कमी होतो. पुणं अठराशे फुटांवर, तिथे मुंबईपेक्षा दोन इंच कमीच दिसणार. महाबळेश्वरला साडेचार. हे न कळल्यामुळे कित्येक चांगल्या इंजिनांची हेडं उघडली गेलीत.

जाईताई, धीर सोडू नका. तुम्ही पीसीव्हीचा पाइप मधोमध दाबलात म्हणालात. मधोमध दाबला तर व्हॉल्व्हकडची हवा थांबली, पण मॅनिफोल्डच्या टोकाजवळ तडा असेल तर ती तशीच आत जात राहते. पकडीने ते टोक धरताच येत नाही, खाली वळलेलं असतं. आता पाण्याची बाटली घ्या आणि त्या वाकाच्या खालच्या बाजूला मारा. दिसणार नाही, अंदाजानेच मारा. छोटा आरसा असेल तर खालून बघा.

जाईजुई

मिळाला!!

बाबांना खुर्ची टाकून बाहेर बसवलं होतं, बॅटरी धरायला. वाकाखाली पाणी मारलं आणि स्लो एकदम खाली आला, सेकंदभर शांत, मग परत सुरू. पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. बाबा म्हणाले, "इथेच आहे, इथेच आहे!" त्यांचा असा आवाज मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

पाइप काढला. वरून अगदी नवा दिसतो. खालच्या बाजूला, क्लिपच्या लगेच पुढे, बोटाच्या पेरापेक्षा लांब तडा. थंड असताना मिटलेला, वाकवला की ओठांसारखा उघडतो.

घाटवाट

अभिनंदन. आणि बाबांचंही.

रानमेवा

मी म्हणालो होतो, इथेनॉलने रबर जातं!

पाना_दहा_बारा

रानमेवा, या पाइपातून पेट्रोल जात नाही. इंजिनाच्या पोटातली तेलाची वाफ जाते. बावीस-तेवीस वर्षं तेल आणि उष्णता खाल्लेलं रबर आहे, ते कुठल्याही पेट्रोलवर फाटलं असतं. पेट्रोलच्या पाइपांबद्दल तुमचं म्हणणं मला पटतं, जुन्या गाडीवाल्यांनी ते वर्षातून एकदा हाताने दाबून बघावेतच. नुसतं सगळं इथेनॉलवर ढकललं की तपासणं थांबतं, एवढंच माझं म्हणणं.

ताई, नवा पाइप घेताना तेल सोसणारा मागा. नाना पेठेत मापाला नमुना घेऊन जा. गॅसचा किंवा पाण्याचा पाइप कापून घालू नका, महिन्यात मऊ होऊन आत ओढला जातो आणि वाट बंद करतो. वाक असलेला तयार पाइप मिळाला तर तोच घ्या, सरळ पाइप वाकवला की पुन्हा तिथेच मुडपतो.

जाईजुई

नाना पेठेत तिसऱ्या दुकानात वाकासकट मिळाला, १९० रुपये. बसवला. श्वास लागणं पूर्ण थांबलं!

पण आता नवीनच. स्लो फार खाली गेलाय, अ‍ॅपवर २१-२२ दिसतं, म्हणजे साडेसहाशे. एसी लावला की गाडी बंदच पडते. हे काय झालं?

घाटवाट

काळजी करू नका, हे येणारच असा अंदाज होता. गळतीमुळे स्लो वर जात होता तेव्हा कोणीतरी तो खाली आणायला थ्रॉटल बॉडीवरचा हवेचा स्क्रू आवळला असणार. चोरवाटेने हवा भरपूर येत होती तोवर ते खपलं. आता चोरवाट बंद, आणि खरी वाटही आवळलेली. त्या स्क्रूवरचा रंग फुटलाय का बघा.

जाईजुई

फुटलाय. पिवळ्या रंगाचा तुकडा खोबणीत अडकलेला आहे, आणि स्क्रू ड्रायव्हरचे ताजे ओरखडे.

पाना_दहा_बारा

माझा या धंद्यातला सगळ्यात मोठा राग या स्क्रूवर आहे. फिटरला कारण सापडत नाही तेव्हा तो स्क्रू फिरवतो. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आजाराच्या वर दुसरा आजार बसतो. पोराला मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं, रंग लावलेल्या स्क्रूला हात लावण्याआधी मला हाक मारायची.

इंजिन पूर्ण गरम करा, रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन बंद होऊ दे. दिवे, एसी, सगळं बंद. मग तो स्क्रू पाव-पाव फेरा बाहेर काढा, प्रत्येक वेळी अर्धा मिनिट थांबा, कारण स्लोचा व्हॉल्व्हही मध्ये स्वतःचं जुळवून घेत असतो. ८५० ते ९०० ला आणून सोडा. थ्रॉटलच्या पात्याला टेकणारा दुसरा स्क्रू असतो, त्याला अजिबात हात लावू नका. शेवटी रंगाचा थेंब टाका. नेलपॉलिश चालेल.

जाईजुई

पावणेदोन फेरे बाहेर काढला. अ‍ॅपवर २९, न हलणारा. एसी लावला, क्षणभर २६ ला जाऊन ३२ वर स्थिर. चांदणी चौकाच्या गर्दीत चाळीस मिनिटं उभी करून बघितली, एसी चालू, एसी बंद. इंजिन चालू आहे की नाही हे कळायला मला काचेला हात लावावा लागला.

स्क्रूवर आईची लाल नेलपॉलिश लावलीय. बाबा शेजारच्या सीटवर होते. विकण्याचा विषय त्यांनी काढला नाही. पुढच्या री-पासिंगची तारीख मात्र विचारली, २०२७.

पानाकाका, घाटवाट, मुंजा, सगळ्यांचे मनापासून आभार. फाटलेला पाइप मी टाकलेला नाही.

दूरदेशी

माझ्या गॅरेजात धूर सोडून गळती शोधायचं मोठं यंत्र आहे, दर वेळी त्याचे शंभर डॉलर घेतात. पुढच्या वेळी पाण्याची बाटली घेऊन जातो.

तिसरा_गिअर

पानाकाका, आता माझी ओम्नी. २००८ ची, गरम झाल्यावर सिग्नलला मिसिंग करते, बंद पडते. प्लग, वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप सगळं नवीन.

पाना_दहा_बारा

बंद पडणं आणि वर-खाली होणं हे दोन वेगळे आजार. नवा धागा काढा, आणि त्यात पहिल्या ओळीत पीयूसीचे दोन्ही आकडे लिहा. एसी आहे का, तो लावल्यावर काय होतं, तेही.

तिसरा_गिअर

सीओ ०.१, एचसी ६९०. एसी नाही. धागा काढतो रात्री.

पाना_दहा_बारा

६९०? ओम्नीला तर हवा मिश्रणाच्या आधी व्हॉल्व्हचं क्लिअरन्स बघावं लागेल. शेवटचं कधी सेट केलं होतं ते शोधून ठेवा, मी जेवून येतो.